चादरीचं दुसरं टोक

दिवा जरा बारीक कर, म्हणजे बाहेरच्या पहाऱ्याला वाटेल बायका झोपल्या. आणि जवळ सरक. उद्यापासून तुला घडीच्या कामाला लावणार आहेत ना, माझ्याबरोबर? मग हे आजच ऐकून ठेव.

सरकारी धुलाईघरात बाईनं तोंड उघडायचं नाही, हे तुला आल्या आल्या दरडावून सांगितलं असेलच. दोघी बोलताना दिसल्या की दोघी गेल्या. कुठे, ते विचारायचं नाही. पण मेल्यांना चादरी तर धुवून हव्यात! आणि एवढ्या लांबरुंद चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला. ताणायची, झटकायची, मग काठाला काठ जुळवायला एकमेकींकडे चालत यायचं. तोंडं जवळ आली की एक वाक्य. परत लांब. परत जवळ, पुढचं वाक्य. कोणाचा नवरा उचलला, कोणाला दिवस गेलेत, सगळं असंच कळतं आम्हाला. इतक्या वर्षांत एकाही पहारेकऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, बघ!

माझ्या लेकीचं बाळ तू बघितलंस. लेकीकडे आई होण्याचा परवाना नाही, आणि परवाना नसलेल्या बाईचं मूल सरकारजमा. म्हणून पोर जन्मल्यापासून लपवतोय आम्ही. रात्री या खोलीत, दिवसा वाळवणखोलीत, जिथे आम्ही घड्या घालतो तिथेच एका टोपलीत. बॉयलरच्या धडधडीत तिचं रडणं ऐकू जात नाही. लेक बॉयलरवर राबते, त्यामुळे डोळ्यात तेल घालून बसायचं ते मीच.

त्या दिवशी भरदुपारी आत इतकी वाफ होती की स्वतःचा हात दिसेना. साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास नाकात गच्च बसलेला. मी चादरीचं टोक उचललं, समोरून ताण आला. माझी जोडीदारीण असणार. ठेंगणी म्हणतो आम्ही तिला. ती पाणी आणायला गेली होती, हे मला नंतर कळलं. मी आपली झटकली चादर, चालत गेले आणि जवळ येताच कुजबुजले, "बाळ खिडकीखालच्या टोपलीत आहे. तिकडे लक्ष असू दे."

बोटाला बोट लागलं. ठेंगणीची बोटं जाडजूड, ही लांबसडक... आणि गार. अगं, जिथे अंगाची लाही लाही होते तिथे गार!

वाटलं, ही कोणी खबरी आहे, आणि मूर्खासारखा मीच माझ्या नातीचा घात केला. लांब गेले. परत जवळ यावंच लागलं. घडी अर्धवट सोडली तर पहाऱ्याला संशय येतो.

"तिथून हलव तिला," ती म्हणाली. "तो येतोय..."

आवाज ओळखला मी. माझ्या थोरल्या जाऊबाई! त्यांना गेल्या हिवाळ्यात नेलं. काही दिवसांनी तुरुंगातल्या गाठोड्यातून त्यांचं झंपर इथेच धुवायला आलं. पाठीचं ठिगळ माझ्याच हातचं. रक्ताचा डाग काही निघेना, तरी धुतलं मी ते. रडायचीसुद्धा सोय नव्हती गं.

"जाऊबाई... तुम्ही?"

"इकडे दे."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. विचार करायला वेळ होता कुठे? टोपलीतून बाळ उचललं, चादरीच्या खोळीत ठेवलं, माझं टोक वर धरलं. ओझं हलकेच पलीकडे सरकलं... आणि चादर रिकामी झाली.

आत आला तो आपला देखरेखवाला, मांजरपावल्या. रबरी बूट घालून चोरासारखा फिरतो ना, तोच. कोणीतरी चुगली केली होती, कारण तडक खिडकीखालीच गेला मेला. लाथेनं टोपली उलटवली. मग एकेक चादर काठीनं बडवली. माझ्या हातातलीसुद्धा! काठी कापडावर बसली. पण आत काही नव्हतंच. शिव्या देत निघून गेला.

"द्या आता," मी म्हटलं. चादरीत वजन आलं. पोर गाढ झोपलेली, ओठाच्या कडेला दूध. लेकीनं तर सकाळपासून तिला पाजलं नव्हतं. आणि जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं गं. त्यापायी किती टोमणे खाल्ले त्यांनी.

तेव्हा मी हात जोडले. वाटलं, सुटलो. पण मांजरपावल्या आता रोज येतो, आणि रोज मला पोर पलीकडे द्यावी लागते. हल्ली ती आईच्या अंगावर पीतच नाही. पोट भरलेलं असतं. लेक रडते, म्हणते, "आई, माझं काय चुकलं गं?" काय सांगू तिला? पोर दिली नाही तर सरकार नेणार. दिली तर...

काल चादर सुटेना. मी पाय रोवून ओढतेय आणि पलीकडूनही तितकीच ओढ. जाऊबाई अगदी प्रेमानं म्हणाल्या, "राहू दे ना गं. इथे कोणी येत नाही."

कशीबशी ओढून घेतली मी तिला. छातीशी धरून बघितलं, तर इवल्या बोटांची नखं कापलेली होती. नीट, जपून.

म्हणून सांगते, उद्या माझ्या समोर उभी राहू नकोस. माझ्या शेजारी ये, माझंच टोक धर. एकटीनं ओढवत नाही आता.