कंपासपेटीतली दुसरी ओळ

टक्... आणि कंपासपेटीचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं.

रविवारची दुपार इतकी निवांत होती, की तेवढ्याशा आवाजाने आभा खुदकन हसली. पेटी तिच्या आईची, उत्तराची, शाळेतली, कोपऱ्यावर गंजलेली. डोंगरात अडकलं तर जीव वाचवायला जे जे लागतं ते सगळं तिच्यात मावलं पाहिजे, असा मयुरेशचा हट्ट होता.

महिन्यापूर्वी उत्तरा लेकीला घेऊन अंजनेरीला गेली होती. आभाचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. कुणीतरी नेईल म्हणून वाट बघायची सवय उत्तराने मोडून टाकली होती. पठारावर धुकं उतरलं आणि पायाखालची वाटच पुसून गेली. हाक मारायची तर कुणाला, हे तिला सुचेना... तेवढ्यात धुक्यातून एक शिट्टी आली. तिच्यामागून एक निळं जर्किन, आणि त्यात हा मयुरेश. भुवयांवर दवाचे थेंब. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर; रविवारी मात्र डोंगरात चुकलेल्यांना खाली आणणाऱ्या पथकात. त्याने तिची सॅक उघडायला लावली. आत पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणच्याची बरणी, तीन स्टीलचे पेले आणि दोन फ्रॉक. टॉर्च नाही, शिट्टी नाही.

“मॅडम, ही सॅक नाही, पंगत आहे,” तो म्हणाला होता.

“उपाशी तरी राहिलो नसतो,” ती फणकारली. मग त्यानेच चार पोळ्या खाल्ल्या, आणि उरलेल्या तिने डब्यात घालून दिल्या.

रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. पुढच्या रविवारी तो डबा घेऊन दारात उभा राहिला. आत एक लाल शिट्टी होती. मग रिकाम्या हाताने त्याला तरी कसं पाठवायचं? डबा नारळाच्या वड्या घेऊन गेला, मेणात बुडवलेल्या आगकाड्या घेऊन परत आला. असा तो डबा येत-जात राहिला... आणि ‘मॅडम’ कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

आता जमिनीवर सगळा पसारा मांडला होता. जलसंजीवनीची पाकिटं, सुई-दोरा, चिकटपट्टीत गुंडाळलेलं ब्लेड, नखाएवढा टॉर्च. सेफ्टीपिना राहिल्या, म्हणून तो इकडेतिकडे बघू लागला, तर उत्तराने हातातल्या बांगडीत अडकवलेल्या दोन काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. त्या अजून कोमट होत्या. त्याने मूठ मिटून घेतली.

आरसा तिच्या पावडरच्या डबीतला. त्याने तो उन्हात धरला. उजेडाचा कवडसा भिंतीवरून सरकत सरकत तिच्या गालावर येऊन थांबला.

“हे हेलिकॉप्टरला दाखवायचं,” तो म्हणाला.

“अंजनेरीवर हेलिकॉप्टर कुठून यायचं?”

“नाही आलं... तर मी येईन.”

तिने गालावरचा उजेड हाताने पुसायचा प्रयत्न केला. तो काय पुसला जातो!

झाकण पुन्हा उघडलं. तळाशी तिने गुपचूप ठेवलेला डिंकाचा लाडू सापडला. तो काढ, असं त्याने सांगितलं. शिट्टी वाजवायला दम लागतो, लाडू राहील, असं तिने बजावलं. शेवटी त्याने अंगठ्याने दाबून लाडू चपटा केला.

मग खिशातून एक छापील कार्ड काढलं. ‘संकटात कोणाला कळवावे.’ खाली दोन ओळी. प्रत्येक ओळीत नाव, फोन, नाते.

उत्तराची बोटं थांबली. पहिल्या ओळीत तिने विंचूरच्या भावाचं नाव लिहिलं. दुसरी ओळ... आभाच्या शाळेच्या फॉर्मवरही चार वर्षं ती कोरीच होती.

“तुमच्या कार्डावर कोण आहे?” तिने खाली बघतच विचारलं.

“आई. सायखेड्याला असते. पण संकटात फोन केला, तर आधी जेवलास का विचारेल.” तो हसला. “दुसऱ्या ओळीत तुझं नाव लिहायचंय, उत्तरा. विचारून लिहीन म्हणतोय.”

आतून चहा उतू गेल्याचा फसफसाट आला.

“मी बघतो,” म्हणत तो उठला. ती काय म्हणते, ते ऐकायला थांबला नाही.

खोलीत पंख्याचाच काय तो आवाज. त्या धुक्यातली शिट्टी तिला पुन्हा ऐकू आली – दूर, मग जवळ, मग अगदी जवळ. हाक मारायची तर कुणाला... तिने पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं. नाव लिहिलं. नंबर पाठच होता.

कार्ड पेटीत जायच्या आत आभाने ते ओढून घेतलं. नुकतीच जोडाक्षरं वाचू लागली होती ती. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत तिने सगळं मोठ्याने वाचलं. दारात हातात तीन पेले घेऊन मयुरेश कधीचा उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

“आई,” आभाने रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं, “मामापुढे भाऊ लिहिलंयस. मग मयुरेशकाकापुढे काय लिहायचं?”