अस्तर

त्या काळी आईवडिलांना फोन करून "बरे आहात ना?" असं विचारायची पद्धत जवळजवळ मोडीतच निघाली होती. विचारायचं कशाला? मनगटावर कळतच होतं की सगळं.

नाडीजोड नावाची ती घड्याळं जोडीजोडीनंच विकली जायची. एक बापाच्या हातात, दुसरं लेकीच्या. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीत शिरून खालच्या रक्ताचा चढउतार टिपायचा, आणि बापाच्या काळजाचा ठोका दूरच्या लेकीच्या मनगटावर हलक्या टिचकीसारखा वाजायचा. तसाच लेकीचा बापाच्या हातावर. मायेच्या माणसांची अशी सोय झाल्यावर बोलायचं राहून गेलं, तर नवल ते काय!

मुग्धा तांबवेकर नाशिकला पोहणं शिकवायची. तिचे पप्पा, प्रमोद तांबवेकर, कऱ्हाडचे शिंपी. आई गेल्यापासून ते एकटेच राहत आणि हौसेपुरतं शिवत. आज मुग्धा पुण्यात, घड्याळं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, डॉ. निलोफर मुजावर यांच्यासमोर बसली होती. पप्पांचं दिवसकार्य नुकतंच उरकलं होतं.

पप्पा रविवारी सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शेजाऱ्यांनी दार तोडलं मंगळवारी. आणि मधल्या सगळ्या वेळात मुग्धाच्या मनगटावर त्यांचे ठोके अगदी संथ, व्यवस्थित चालू होते. सोमवारी तिनं दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही, तेव्हा मनगटावर बोट ठेवून ती स्वतःशीच म्हणाली, झोपलेत वाटतं, झोपू देत. हे आठवलं की तिला स्वतःची शिसारी यायची.

घड्याळ बिघडलं होतं, एवढं कबूल करा, इतकंच तिचं मागणं होतं. पण निलोफर मॅडमनी मान हलवली. घड्याळ बिघडलेलं नव्हतं.

त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पट्टा रात्रंदिवस बांधून ठेवला की खाली घाम साचतो, साबणाचा फेस अडकतो, कातडी भिजून मऊ पडते आणि पट्ट्याच्या घर्षणानं सोलवटते. मग पुरळ, खाज, आग. कुणाकुणाला तर बक्कलाचा धातूच सोसत नाही. उपाय साधा. घड्याळ मधूनमधून काढावं, हात आणि पट्टा धुऊन कोरडा करावा, पट्टा जरा सैल बांधावा, मनगट बदलत राहावं. पण घड्याळ काढलं की दुसऱ्या टोकाचं मनगट एकदम गप्प व्हायचं आणि तिकडे रडारड सुरू. तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा कंपनीनं घड्याळात 'भरपाई' नावाची सोय आणली.

"घड्याळाला माणसाची नाडी पाठ होते," मॅडम म्हणाल्या. "जेवल्यावर कशी, झोपेत कशी, जिना चढल्यावर कशी. खालचं दिसेनासं झालं की ते आठवणीतून ठोके वाजवतं. घटकाभर निभावून न्यावं, एवढ्यासाठीच ते केलं होतं. हातावर असो वा काढून ठेवलेलं, बक्कल लागलेलं असलं की घड्याळ समजतं, आत माणूस आहे."

मग त्यांनी पप्पांचं घड्याळ टेबलावर ठेवलं. त्याच्या पाठीला आतून दुपदरी फलालिनचं अस्तर होतं, कडेनं बारीक हातशिलाई घातलेलं. हिरवा प्रकाश त्या कापडातच अडकून पडत होता.

मुग्धाला शिलाई ओळखायला वेळ लागला नाही. गेल्या उन्हाळ्यात पप्पांच्या मनगटाची पार चाळण झाली होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका दुपारी त्यांनी घड्याळ बक्कल न लावताच काढून ठेवलं, तर इकडे हिनं घाबरून शेजाऱ्यांना त्यांचं दार ठोठावायला लावलं, आणि नंतर फोनवर ढसाढसा रडली. पुन्हा काढायचं नाही, माझी शपथ आहे, असं बजावलं. पप्पांनी शपथ पाळली. हाताला टोचणारी वस्तू शिंप्यानं काढायची नसते, तिला अस्तर लावायचं असतं. त्यांनी तेच केलं, आणि पुरळ बरं झाल्याचं कौतुकानं तिला कळवलंही.

म्हणजे उन्हाळ्यापासून आपण पप्पांची नाडी नव्हे, नुसता घड्याळाचा पाठ हिशेब चाचपत होतो, हे तिच्या ध्यानात आलं.

तिच्या मनात आणखी एक सल होता. हिवाळ्यात तिचं नि नवऱ्याचं फाटलं. रात्र रात्र काळीज धडधडायचं. पप्पांना कळतंय, आता फोन येईल, म्हणून ती वाट बघायची. फोन आला नाही. कळत असून विचारलं नाही, अशी अढी धरून तीही बोलायची कमी झाली होती. पण आता रागावून तरी काय करणार?

"मला नाही कळलं, ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण मी तर जिवंत होते ना, मॅडम? टिचकी कापडातूनही लागते. जाताना त्यांच्या हातावर माझे ठोके होते, एवढं तरी सांगा."

निलोफर मॅडमची नजर तिच्या मनगटाकडे गेली. तिथं घड्याळाखालून निळं फलालिन डोकावत होतं.

"हे कधीपासून वापरता?"

"दिवाळीपासून. तलावाच्या पाण्यानं माझाही हात सोलवटला होता. पप्पांनी शिवून पाठवलं."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "टिचकी लागली असणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ती तुमची नव्हती. दिवाळीआधी तुम्ही जशा होता, तशी होती. तुम्ही सुखात आहात, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत असणार."

मुग्धानं पट्ट्याखाली बोट घातलं आणि अस्तर ओढून काढलं. टाके तुटले. घड्याळाची गार पाठ कित्येक महिन्यांनी तिच्या उघड्या कातडीला लागली, हिरवा प्रकाश आत शिरला.

टेबलावर पप्पांचं घड्याळ एकदम धडधडायला लागलं. लाकडावर ते इतक्या जोरात वाजत होतं की सरकत सरकत कडेला आलं. मॅडमनी ते धरायला हात पुढे केला, तर मुग्धा म्हणाली, "राहू दे. आत्ता कुठे पोचतंय."