चाळणीतला कोंडा

मिरजेच्या प्रयोगशाळेत उत्क्रांती-गणक सकाळपासून घुमत होता आणि डॉक्टर वैजयंती कारखानीस त्याला पार विटली होती. आत खोटे जंतू जन्मायचे, खोट्या उपचारांशी झुंजायचे, मरायचे. ज्या उपचाराने जास्त जंतू मेले त्याचंच वाण पुढच्या पिढीत. आणि एवढं रामायण करून उत्तर काय, तर आणखी जालीम औषध! पलीकडच्या वॉर्डात तिचा धाकटा भाऊ मुकुंद तसलीच औषधं गिळून खंगत चालला होता. दिवाळीपासून त्याचं एकच पालुपद, "ताई, थांबव गं हे." ती दर वेळी त्याच्यावर खेकसायची.

"शिकलगार, गंज कुणाच्या मेंदूला चढलाय? यंत्राच्या की आपल्या?"

तिचे सहकारी इक्बाल शिकलगार पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "आपल्याच, मॅडम. सगळ्यांत सरस उपचार दर खेपेला आपण यंत्राला लावलेली चाळणीच फेकून देतेय. त्याचे पहिले काही आठवडे रिकामे आहेत. आणि डोस रिकामा दिसला की बिघाड समजायचा, हा आपला रिवाज."

"बिघाडच तो! औषध थांबवलं तर जंतू माजतील."

"माजू देत की. पण कुठले? औषधाला न जुमानणारे जंतू चिलखत घालून फिरतात, आणि ते चिलखत पोसायला खाणं लागतं. औषध आहे तोवर तेच राजे. ते थांबलं की साधे जंतू भराभर वाढून त्यांना उपाशी मारतात. मग साध्यांना आपलं पहिलंवहिलं औषध पुरे."

"आणि मधले आठवडे?"

"ताप चढणार. सोसायला अंगात ताकद हवी."

वैजयंतीचा जीव इतका शिणला होता की रडूही फुटेना. ती तशीच वॉर्डात गेली.

मुकुंदने सवयीने गोळ्यांसाठी हात पुढे केला.

"आज नाहीत रे."

"हात टेकलेस?"

"नाही, वेड्या. यंत्रही तेच म्हणतंय, थांबवा. पहिल्यापासून म्हणत होतं, आम्हीच ऐकलं नाही." तिने सगळं समजावलं. "ताप येईल, मुकुंदा. सोसशील ना?"

त्याने डोळे मिटले. "दिवाळीत सोसला असता गं."

त्याचा हात तसाच पुढे होता. तिने तो आपल्या हातात घेतला.