डाव्या कानातली हाक

सुलेखा अमेरिकेतल्या हर्नडन गावात ऑडिओलॉजिस्ट आहे. कुणाला किती ऐकू येतं ते मोजणं, श्रवणयंत्रं बसवणं, बिघडली तर बघून देणं, हे तिचं रोजचं काम. त्या फेब्रुवारीतल्या दुपारी ग्रेस यी आपल्या वडिलांना घेऊन आली, तेव्हाही काम साधंच होतं. त्यांचं डावं यंत्र तपासायचं.

"बाबा दिवसभर कुणाशी तरी बोलत असतात," ग्रेस दारातच हळू आवाजात म्हणाली. "आई गेल्यापासून. म्हणतात, डाव्या कानात ती बोलते. मी मेमरी केअरचं, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक होम बघून ठेवलंय, शुक्रवारी तिथे हो सांगायचंय. त्याआधी यंत्रातच काही बिघाड नाही ना, एवढं बघा."

मिस्टर यी नव्वदीला टेकले होते. कडक इस्तरीचा शर्ट, हातात टोपी. मूळचे दक्षिण चीनमधल्या तोइसानचे. तिथली बोली त्यांच्या घरात नवरा-बायको दोघंच बोलायची. मुलगी इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली, आणि त्यांनीही तिला कधी अडवलं नाही. आता ती बोली बोलणारं त्यांच्या ओळखीत कुणी उरलं नव्हतं.

सुलेखा यंत्र घेऊन तपासणीच्या बूथमध्ये गेली. जाड दाराची, आतून फोम लावलेली ती खोली. दार लोटलं की बाहेरचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा. तिने यंत्राला रबरी नळी जोडली आणि नळीची टोकं कानांत घातली.

आधी नेहमीची बारीक सरसर आली. मग त्या सरसरीत तेल तापल्याचा आवाज मिसळला. कढईवर उलथनं वाजलं. आणि स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत हाक मारावी तशी कुणी बाई काहीतरी म्हणाली. थांबली. पुन्हा तेच म्हणाली.

जवळपासच्या फोनचा आवाज यंत्रात शिरत असेल, म्हणून सुलेखाने यंत्रातला सेल काढून तळहातावर घेतला. हाक चालूच राहिली. बंद खोलीत परतलेल्या आल्याचा वास भरून आला.

तिने नळी ओढून काढली, मग पुन्हा कानांत घातली. त्या आवाजात दरडावणं नव्हतं. वाढून झालंय आणि जेवायला कुणी येत नाही, एवढीच काळजी होती त्यात.

बाहेर येऊन ती मिस्टर यींच्या समोर बसली. त्यांना दिसेल अशी तोंडाची हालचाल करत, ऐकलं तसं म्हणून दाखवलं. "ल्हाय-मोय... असं काहीतरी."

म्हाताऱ्याने टोपी मांडीवर ठेवली. "म्हणजे छोटी पोर," ते ग्रेसकडे बोट दाखवत म्हणाले. "हिला बोलावते. मला नाही. मी रोज सांगतो, पोर घरात नाही. तिला पटत नाही."

ग्रेसने नळी मागून घेतली आणि कानांत घातली. बराच वेळ ऐकत राहिली.

"नुसती सरसर आहे," शेवटी ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"त्यांच्या बोलीत ओ देऊन बघितलीत कधी?" सुलेखाने विचारलं.

"मला ते पहिलं अक्षरच म्हणता येत नाही. लहानपणी शेजारची मुलं हसायची त्याला. मग मी सोडूनच दिलं."

अक्षर खरंच अवघड होतं. आपल्या 'कोल्हा'मधल्या ल्हच्या जवळपासचं, पण घशातून आवाज न काढता, जिभेच्या कडांनी नुसती हवा सोडायची. तिघं बूथमध्ये गेले, ग्रेसने नळी पुन्हा कानांत घातली. वडिलांनी बोटाने ग्रेसची हनुवटी उचलली आणि एकेक शब्द तिच्याकडून म्हणवून घेतला. साठीची बाई पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि ते न कंटाळता मान हलवत होते. कितव्यांदा तरी तिला तो जमला. आई, छोटी पोर आली, एवढंच वाक्य.

ग्रेसचा हात वडिलांच्या मनगटावर आवळला गेला.

"हाक ऐकू आली... आता थांबली," ती पुटपुटली. "ती... ऐकतेय." आणि मग, "बाबा, काहीतरी विचारतेय ती. काय विचारतेय..."

मिस्टर यींच्या डाव्या कानात यंत्र नव्हतं. नळीही नव्हती. तरी ते लगेच म्हणाले, "इतका उशीर का केलास, म्हणते."

शुक्रवार यायच्या आधीच ग्रेसने होम कॅन्सल केलं आणि वडिलांकडे राहायला गेली. संध्याकाळी जेवताना ते तिला बोली शिकवायचे. ऑक्टोबरमध्ये ते गेले, आपल्या घरी, आपल्या पलंगावर.

त्यानंतर एका दुपारी ग्रेस दोन्ही यंत्रं कुणा गरजूला द्या म्हणून घेऊन आली. वेटिंग रूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. काचेतून ऊन आत आलं होतं. सुलेखा तिच्या समोरच्या रांगेत बसली, सवयीने डाव्या यंत्राला नळी लावून बघितली. काहीच नाही.

"आता त्यात नसतात ते," ग्रेस म्हणाली. "मला यंत्र लागत नाही."

ती मान वळवून एक लांबलचक वाक्य बोलली. मधला प्रत्येक ल्ह स्वच्छ होता. उत्तर ऐकावं तशी थांबली, हसली, आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून तिने मांडीवर घेतली. पलीकडच्या खुर्चीवरचा कोटही उचलला. पहिल्या खुर्चीची गादी हळूच दबली. मग दुसरीची.

सुलेखाला भीती वाटली नाही. तिने त्या दोन खुर्च्यांकडे बघून मान लववली.

तेवढ्यात तिच्या स्वतःच्या शेजारची खुर्ची करकरली. तिची गादी खाली गेली आणि तशीच राहिली.

"ग्रेस," सुलेखा मान न वळवता म्हणाली, "तुमच्याबरोबर... किती जण आलेत?"

"दोघंच," पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत ग्रेस म्हणाली.