सात मिनिटं आधी

रोहिणीने फळीवरचा तेलफणीचा पत्र्याचा डबा खाली काढला आणि कोपऱ्यात बसलेल्या जुईच्या मनगटावरचा पट्टा पिवळा झाला.

"झालं सुरू," रोहिणी पुटपुटली आणि तिने मदतीला हाक द्यायचं मोबाइलवरचं बटण दाबलं.

सात मिनिटं. चाहूलपट्टा सात मिनिटं आधी सांगायचा. कातडीवरचा घाम, नाडीची चाल, स्नायूंचा ताण मोजायचा आणि अंदाज बांधायचा, की हे पोर आता बिथरणार. जुई बारा वर्षांची, पण तिला बोलता येत नव्हतं. बिथरली की भिंतीवर डोकं आपटायची, चावायची, हाताला लागेल ते भिरकावायची. मागच्या दिवाळीत तिच्या कपाळाने रोहिणीच्या नाकाचं हाड मोडलं होतं. ते अजून वाकडंच होतं.

खालच्या मजल्यावरची शमामावशी धापा टाकत वर आली. तिच्या खांद्यावर वाकळ होती. जुन्या साड्यांच्या थरांत नदीच्या वाळूच्या पुरचुंड्या शिवलेली, आठ किलोंची. इचलकरंजीच्या या गल्लीतल्या सोबत केंद्रात अशी मुलं असलेल्या सात घरांच्या बाया स्वतः या वाकळी शिवायच्या. अंगावर वजन आलं की पोरं निवतात, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

पट्टा लाल झाला. दोघींनी जुईला आडवं केलं, डोक्यापासून पायापर्यंत वाकळ टाकली आणि तिच्या कडा गुडघ्यांखाली दाबून धरल्या. आतून गुरगुर आली. एक लाथ शमामावशीच्या बरगडीत बसली.

"तुझ्या आईला!" शमामावशी कळवळली. "काय ताकद हाय पोरीत!"

"मावशी, तिची आई मीच."

"मग तुलाच म्हणतीया की!"

दोघी हसल्या. वाकळीखाली हळूहळू शांत झालं. बाहेर राहिलेल्या जुईच्या तळपायावर काळे-निळे वळ होते. थेरपीचे बूट चावतात, असं केंद्रातल्या मगदूम सरांनी सांगितलं होतं. रोहिणीने वळांवर तेल चोळलं आणि विषय संपवला.

पट्टा येण्याआधी या दारात कोण येत होतं? पोरीला आवरा, झोपा मोडतात, एवढं सांगायला शेजारी यायचे. सासूने पोरगी देवाला सोडायला सांगितलं होतं. कुठल्या देवाला, ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे मगदूम सरांनी केंद्र सुरू केलं, पट्टे दिले आणि एकीचा पट्टा वाजला की बाकीच्या सहाजणी हातातलं काम टाकून पळायला लागल्या, तेव्हा रोहिणीला वाटलं, आपण जगू. आणि मेहेरबानी झाली की माणूस प्रश्न विचारत नाही. तिथंच मरतो.

महिन्यापूर्वी मगदूम सरांनी पट्ट्यात नवी सोय आणली. तिचं नाव निववणी. पट्टा लाल झाला की मनगटातून बारीक करंट जायचा आणि अंगातले स्नायू ढिले पडायचे.

"सही करा वहिनी. आता वाकळ नको, पळापळ नको. आधी केंद्रात सुरू करू, मग घरी."

रोहिणीने नाकाला हात लावला आणि सही केली. साती बायांनी केली.

मंगळवारी केंद्रात तिची पाळी होती. थेरपीच्या वेळी आयांनी बाहेर ओट्यावर बसायचं, हा सरांचा नियम. पोरं आईला बघून लाडावतात म्हणे. त्या दिवशी वाकळीचा दोरा संपला म्हणून ती आत कपाटाकडे गेली. सतरंजीवर सातही मुलं रांगेत बसली होती. भिंतीवरच्या फळ्यावर सात पट्ट्यांचे सात दिवे हिरवे होते.

बाहेर मगदूम सरांच्या गाडीचा हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब.

सातही दिवे पिवळे झाले.

फळा बिघडला असं तिला वाटलं. पण मुलांकडे बघितलं तर खांदे वर चढलेले, माना आत ओढलेल्या. सर नेहमीसारखे टपरीवर चहा प्यायला थांबले. चहा संपवून दारात आले तेव्हा सगळे दिवे लाल झाले आणि सात माना एकदम लुळ्या पडल्या. जुईच्या तोंडातून लाळ गळू लागली.

"बघा वहिनी, कशी शहाणी झालीत पोरं!" हातातला रबरी नळीचा तुकडा मांडीवर आपटत सर म्हणाले. स्नायू जागे करायला लागतो, असं ते सांगायचे. "तुम्ही आत कशा?"

"सर, जरा बाहेर जाता का? पट्टे बघायचेत."

ते हसत गेले. ती दार लावून थांबली. दिवे पिवळे झाले, मग बऱ्याच वेळाने हिरवे.

"या."

लाल.

"परत एकदा जा."

या वेळी ते हसले नाहीत आणि गेलेही नाहीत. "बिघाड आहे. कंपनीला कळवतो," म्हणत त्यांनी फळ्याच्या बटणाकडे हात नेला.

रोहिणीने जुईचा मोजा ओढून काढला. नळीचा तुकडा आणि तळपायावरचा वळ, दोन्ही एकाच रुंदीचे.

पट्टा खोटं बोलत नव्हता. पोरांच्या अंगात काय उठलंय ते तो चोख सांगत होता. त्याला बिथरणं हे नाव देणाऱ्यांनी फक्त पोराकडे बघितलं होतं. समोर कोण उभं आहे, ते मोजायचं यंत्र कुणी केलंच नाही. आणि आता भ्यायलेल्या पोराचे हातही आईच्या सहीने लुळे पडत होते.

"तू मारतोस पोरांना," ती म्हणाली.

"शिस्त लावतो. घरी गरीब पोरगी हवी ना तुम्हाला? नाक विसरलात?"

तिने कमरेची कातरी काढली आणि जुईचा पट्टा कापला. पट्टा किंचाळला. साती घरांत इशारा गेला. मगदूमने तिचा हात पिरगाळला आणि उलट्या हाताने तोंडात दिली. जुनं हाड पुन्हा कटकन वाजलं. रक्त ओठांवर आलं. ती कपाटापाशी पडली. हाताला घडी घातलेली वाकळ लागली. ती दोन्ही हातांनी उचलून तिने सगळी ताकद लावून फिरवली. आठ किलो वाळू त्याच्या कानशिलावर बसली. तो गुडघ्यांवर आला. तिने वाकळ त्याच्या डोक्यावर टाकली आणि लाथ घातली. मग आणखी एक.

तोवर जुईच्या अंगात जीव परतला होता. ती उठली आणि वाकळीखालच्या तोंडावर तिने कपाळ आपटलं. दात तुटल्याचा आवाज आला. तिने परत आपटलं. रोहिणीने तिला अडवलं नाही. हवं तर पाप म्हणा. बारा वर्षांत पहिल्यांदा पोरगी योग्य माणसाला मारत होती.

मगदूम हलायचा थांबला, नुसता कण्हत राहिला.

"बास, जुई. बास, माझी बाय." रोहिणीने रक्ताळलेला हात पुढे केला.

जुई मागे सरकली. खांदे वर चढले, मान आत गेली, दोन्ही हात केसांवर. हॉर्न वाजला तेव्हा बसली होती, तशीच.

रोहिणीचा हात हवेतच राहिला. पट्टा कापून पडला होता. आता दिवा काही सांगणार नव्हता, पण सांगायची गरजही नव्हती. घरात तेलफणीचा डबा खाली काढला की पोरगी अशीच बसायची. रोजच. मागच्या दिवाळीत पणत्यांचं तेल सांडलं म्हणून जुईला केसांनी धरून मारलेल्या चार थपडा तिला आठवल्या. नाक त्यानंतर मोडलं होतं. सगळ्यांना सांगताना तिने नाकापासून सांगितलं होतं.

बाहेर पावलांचा धडधडाट झाला. खांद्यावर वाकळी घेऊन सहाजणी पळत आल्या होत्या. सगळ्यांत पुढे शमामावशी. तिने रक्ताने माखलेली जुई बघितली, खाली कण्हणारा सर बघितला, रोहिणीचं फुटलेलं तोंड बघितलं. खांद्यावरची वाकळ तिने दोन्ही हातांत पसरली.

"रोहिणे, लवकर बोल," ती ओरडली. "कुणावर टाकू?"