पूर्वचित्र

मोजणी-खोलीतल्या यंत्राला गारवा लागायचा, म्हणून बाहेर अमळनेर उन्हानं भाजून निघत असतानाही डॉ. नलिनी भामरे आत शाल पांघरून बसली होती. काचेपलीकडे, यंत्राच्या पांढऱ्या कमानीखाली, जो माणूस उताणा झोपला होता, तो सात वर्षांपूर्वीपर्यंत तिचा नवरा होता. हेमंत बोरसे.

"हलू नका हां सर," तिची सहकारी डॉ. तस्लीम शेख मायक्रोफोनमध्ये म्हणाली. "आता मॅडमचे फोटो दाखवतेय. नुसतं बघायचं, काही बोलायचं नाही."

हे एकदाचं उरकावं आणि घरी जाऊन पडावं, एवढंच नलिनीला वाटत होतं. छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा प्रेमात पडायचं म्हणजे पुन्हा जिने चढायचे, आणि तिचे गुडघे आधीच दुखत होते.

घटस्फोटानंतर हेमंत नाशिकच्या पॉलिटेक्निकात मशीन ड्रॉइंग शिकवायचा. निवृत्त झाल्यावर तो अमळनेरला परतला आणि स्टेशनजवळ दोन खोल्या घेऊन राहिला. पहिले काही दिवस लांबूनच नमस्कार झाले. मग एका संध्याकाळी तो तिच्या संशोधन केंद्राच्या फाटकाशी उभा राहिला आणि म्हणाला, "चहा घेऊ या?" असे बरेच चहा झाले. शेवटी त्यानं विचारलं, "पुन्हा एकदा बघायचं का, नलिनी?"

"काय बघायचं? तोच तू, तीच मी."

"मग तुझ्या मशिनीत बघू."

गावात सगळ्यांना ते मशीन ठाऊक होतं. जुन्या जिनिंग कारखान्याच्या आवारात हे सवय-संशोधन केंद्र निघालं, तेव्हा लोक हसले होते. आता धुळ्या-जळगावाहून जोडपी येत होती.

प्रयोगात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं तसं तस्लीमनं हेमंतलाही सगळं समजावून सांगितलं होतं.

"मेंदू आळशी असतो, सर. रोज दिसणारी वस्तू तो रोज नव्यानं बघत नाही. तिचं एक चित्र करून ठेवतो आणि पुढं तेच आपल्याला दाखवत राहतो. आम्ही त्याला पूर्वचित्र म्हणतो. घरातला जिना आपण अंधारात उतरतो ना, तो त्याच्याच भरवशावर."

"आणि माणसांचं?"

"माणसांचंही तसंच. पंधरा-वीस वर्षं झाली की नवरा बायकोला बघत नसतो. आपण केलेलं तिचं चित्र बघत असतो. आमचं यंत्र ते एका माणसापुरतं चित्र विरघळवतं. चित्रमोचन."

"आठवणी जात नाहीत," नलिनीनं कोरडेपणानं भर घातली होती. "भांडणं, आजारपणं, सगळं राहतं. समोरचं माणूस जसं आहे तसं दिसायला लागतं, इतकंच. ते आवडेलच, असं नाही."

हे ती अनुभवानं बोलत होती. बरीचशी जोडपी नव्यानं एकमेकांकडे बघत लाजत बाहेर पडायची, पण धरणगावच्या एका बाईनं मोचनानंतर नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं होतं आणि शांतपणे परतीच्या एस.टी.ची वेळ विचारली होती. एकटीच्या.

"मॅडम, जरा इकडे या." तस्लीमनं मायक्रोफोन बंद केला होता.

पडद्यावर जिथं पूर्वचित्राचा उंचवटा दिसायला हवा, तिथं सपाट रेघ होती.

"यंत्र तपासलंस?"

"दोनदा. सकाळीच माझ्यावर लावून पाहिलं. माझा नवरा व्यवस्थित दिसतोय, चांगला जाडजूड. सरांच्यात तुमचं चित्रच नाहीये."

नलिनी खुर्चीत टेकली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं, पण आली ती एक थकलेली सुटका. "म्हणजे बावीस वर्षांच्या संसारात यानं माझ्याकडे एकदाही धड बघितलं नाही. बरं झालं, कळलं. उठव त्याला."

"थांबा ना मॅडम. बघितलं नसतं तर मेंदूतलं दृष्टिकेंद्रही गप्प असतं. इथं बघा." तस्लीमनं दुसरा आलेख उघडला. "तुमचा फोटो आला की ते पेटतंय. आपलं काय होतं, पहिल्या फोटोला जोर, मग उतरत जातो. यांचा शेवटचा फोटोही पहिल्याइतकाच. मला शंका आली म्हणून मी यांच्या आईचा फोटो दाखवला, यांच्या गल्लीचा दाखवला. सगळीकडे हेच. चित्र पुसलं गेलेलं नाही, मॅडम. यांच्यात ते तयारच होत नाही. कुणाचंच, कशाचंच."

"असं माणूस जगेल कसं?"

"दमून," तस्लीम म्हणाली. "घरी तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

नलिनीला कुकर आठवला. बावीस वर्षं रोज सकाळी कुकरची शिट्टी झाली की हेमंत दचकायचा. सुरुवातीला तिला हसू यायचं. नंतर तिला वाटायला लागलं की हा मुद्दाम करतो.

"आणखी एक आहे," तस्लीम चाचरत म्हणाली. "तुमची मागच्या आठवड्यातली चेहरा-चाचणी."

ती चाचणी साधी होती. जोडीदारानं समोर बसायचं, आपण त्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते सांगत जायचं, आणि कॅमेरा त्याच वेळी चेहऱ्याच्या स्नायूंवरून खरा भाव नोंदवत राहणार. नलिनी दर वेळी एकच शब्द बोलली होती: कंटाळा. कॅमेऱ्यानं एकदाही तो नोंदवला नव्हता. कॅमेरा बिघडलाय, असं म्हणून तिनं ती चाचणी बाजूला टाकली होती.

"कॅमेरा चांगला आहे," तस्लीम म्हणाली. "तुमच्या डोक्यातलं सरांचं चित्र फार दाट आहे, मॅडम. आपल्याकडे आजवर आलेल्या सगळ्यांत दाट."

नलिनीनं या विषयात उभा जन्म घालवला होता. पुढचं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या शेवटच्या वर्षी रोज जेवताना तिला समोर हेमंतचा कंटाळलेला चेहरा दिसायचा. भांडण असं कधी झालंच नाही. एका रविवारी तिनंच शांतपणे म्हटलं होतं, आपण दोघंही एकमेकांना कंटाळलोय, उगाच ओढत बसण्यात अर्थ नाही. कंटाळली होती ती एकटीच. त्याचा चेहरा तिच्या मेंदूनं काढला होता आणि ती तो वाचत बसली होती.

ती आत गेली. हेमंत उठून बसला होता आणि चपला शोधत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"हेमंत, तुला कधी कंटाळा आला होता का रे माझा?"

"नाही."

"मग घटस्फोटाच्या कागदांवर सही का केलीस?"

तो जरा ओशाळला. "तू म्हणालीस ना, दोघंही कंटाळलोय. मेंदूतलं तुला कळतं. मला वाटलं, असेल. मलाच कळत नसेल."

नलिनी त्याच्या शेजारी यंत्राच्या फळीवर बसली आणि पडद्यावर काय दिसलं ते तिनं सावकाश सांगितलं. त्यानं मन लावून ऐकलं.

"म्हणजे लोकांना खरंच सवय होते?" तो म्हणाला.

"कशाची?"

"एकटं राहायची. नाशिकला सगळे सांगायचे, होईल हळूहळू सवय. मी वाट बघायचो. पण रोज सकाळी उठलो, की तू नाहीस हे मला पहिल्यांदाच कळायचं. रोज. मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय, बाकीच्यांना जमतं ते आपल्याला जमत नाही." त्यानं चपलेचा पट्टा लावला. "मुद्दाम सांगत नाहीये हं. तू विचारलंस म्हणून."

सात वर्षं नलिनी त्या ताटातुटीला एक जुनी, बंद झालेली गोष्ट समजत होती, आणि त्याच्याकडे ती रोज सकाळी नव्यानं घडत होती. तिनं तस्लीमला हाक मारली आणि स्वतः कमानीखाली आडवी झाली.

चित्र फार दाट होतं, विरघळायला दुपार गेली. तिला दुखलं-खुपलं काही नाही. यंत्राची घरघर थांबली, तस्लीमनं तिला हात देऊन उठवलं आणि बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. मग हेमंत येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

एक साठी ओलांडलेला माणूस. गाल उतरलेले. हनुवटीखाली एक जुनी खूण होती, ती कशाची हे तिला ठाऊक नव्हतं. डोळे तिच्यावरून हलत नव्हते. कुणी आपल्याकडे इतकं टक लावून बघतंय याचा तिला संकोच वाटला आणि तिनं पदर सारखा केला. कंटाळा त्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता. थकवा मात्र होता, हाडांत मुरलेला. तो कुणी दिला, हे तिला माहीत होतं.

"कसा दिसतो?" त्यानं विचारलं.

"दमलेला."

"आहेच."

"ऐक, हेमंत. मी शास्त्रज्ञ म्हणून सांगते. तुझं नवं चित्र माझ्या डोक्यात आत्तापासूनच तयार व्हायला लागलंय. वर्ष-दोन वर्षांत ते परत दाट होईल आणि मी तुला बघायची थांबेन. तुझं तसं होणार नाही. माझं होणार."

"थांबलीस की तुला कळेल?"

"नाही. तीच तर अडचण आहे. मला वाटेल, मी बघतेच आहे. आणि तेव्हा मी काही लागेल असं बोलले, तर तुला त्याचीही सवय होणार नाही. विचार कर."

हेमंतनं खरंच विचार केला. घाईनं हो म्हणण्याइतका तो तरुण राहिला नव्हता. बाहेर आवारात कुणीतरी पाण्याचा पाइप ओढत होतं.

"चेहऱ्यावरून काही ठरवायचं नाही मग," तो म्हणाला. "विचारायचं. मी सांगेन. कंटाळा आला तर तेही सांगेन."

"दर वेळी विचारायचं?"

"मला काय, मला दर वेळी नवीनच वाटेल."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर त्याचा चेहराही तसाच झाला होता, ओठ किंचित थरथरत होते. त्याला भरून आलं आहे, हे उघड दिसत होतं. तरी तिनं विचारलं.

"आत्ता काय वाटतंय तुला?"

"भूक लागलीय," हेमंत म्हणाला. "सकाळपासून उपाशी ठेवलंय तुम्ही मला."