गाडी माझी आहे, मला विचारा!

चढाच्या ऐन मध्यावर माझ्या जुन्या जीपने मान टाकली.

मागून चिखलाने माखलेली एक उंच गाडी आली, थांबली, आणि तिच्यातून तो उतरला. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, गालावर ग्रीसचा पट्टा. बॉनेटमधून निघणाऱ्या वाफेकडे त्याने पाहिलं, स्टिअरिंगवरच्या माझ्याकडे पाहिलं... आणि सरळ वळसा घालून शेजारी बसलेल्या मामाकडे गेला!

"काका, हिचं इंजिन बदला. हे आता चढाचं राहिलं नाही."

माझा मामा! ज्याला साधी स्कूटर येत नाही, जो नुसता हवा खायला माझ्याबरोबर आला होता, तो गंभीरपणे म्हणाला, "मलाही तेच वाटत होतं."

"गाडी माझी आहे," मी म्हणाले. "चालवते मी."

"हो, हो," तो हसला. हसताना त्याच्या गालावर खळी पडली, आणि त्या खळीचा मला वेगळाच राग आला.

मी जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांवर माझ्याशिवाय दुसरं कुणी जात नाही. त्या दिवशी वर एक घोडी अडली होती. त्यानेच दोर बांधून आमची जीप वर ओढून नेली, म्हणून वेळेत पोचले. शिंगरू जगलं. आभार मानायला वळले, तर हा मामाशी हात मिळवत होता.

अशा गाड्यांचं काम करणारं गॅरेज जवळपास त्याचं एकच. नाइलाजाने जीप तिथेच टाकली. पुढच्या खेपेला मात्र मी नीट वाचून, तयारीने गेले.

"मला सुपरचार्जर बसवून हवाय," मी म्हणाले. "तो इंजिनात जास्त हवा दाबून भरतो, म्हणजे तेच इंजिन जास्त ताकद देतं. आठवड्याचं काम. इंजिन बदलायला महिना-दीड महिना जाईल. तोवर मी वर कशी जाऊ?"

"नाही जमणार, मॅडम."

"का?"

"मामांना फोनवर सगळं समजावून सांगितलंय मी."

मामांना!

"मामांना आधी क्लच कुठे असतो ते विचारा!" माझा आवाज असा चढला की शेडमधली ठोकाठोक थांबली. "गाय आजारी पडली तर मी काय शेजाऱ्याला सांगते? जिची गाय तिला सांगते. गाडी माझी, जीव माझा, वर वाट बघणारी जनावरं माझी... आणि कारण मामाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. त्याने दाब मोजायचं मीटर आणलं आणि एकेका सिलिंडरला लावलं. मी किल्ली फिरवत गेले. तीन वेळा काटा टुणकन वर गेला. चौथ्या वेळी अर्ध्यावरच बसला.

"इथला पिस्टन झिजलाय. यात वरून आणखी दाब टाकला तर..."

"तर थकलेल्या हृदयाला इंजेक्शन देऊन पळवल्यासारखं होईल," मी म्हणाले. "चढावरच कोसळेल."

"हो."

"एवढं एक वाक्य मला सांगायला काय झालं होतं?"

"चुकलं माझं," तो म्हणाला. पहिल्यांदाच थेट माझ्या डोळ्यांत बघून. त्याचे डोळे तपकिरी होते – ही नोंद मी निव्वळ रागातून घेतली.

"बदला मग इंजिन," मी शक्य तितक्या तुसडेपणाने म्हणाले.

"तोवर माझी गाडी चालवा. फक्त... मी बरोबर येईन. तिचा दुसरा गिअर माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

साफ खोटं! दुसरा गिअर पहिल्याच दिवशी निमूट माझं ऐकायला लागला. तरी तो येतच राहिला. धुक्यात मी सुई टोचायची, तो शेळ्यांचे कान कुरवाळत उभा राहायचा. जाता-येता विचारायचा – कुठल्या वळणावर पहिला गिअर टाकता? मागे औषधांचं ओझं किती असतं? आणि विचारून झालं की चक्क ऐकायचा. एकदा एका गायीने त्याच्या नडगीवर लाथ घातली. मी पट्टी बांधत होते, त्याच्या शर्टाला गवताचा नि पेट्रोलचा वास येत होता.

"दुखतंय?"

"मामांना विचारून सांगतो."

मला हसायचं नव्हतं. खरंच नव्हतं...

"इंजिन आलं?" मी विचारायची. "आलं, पण एक पाइप वाटेत अडकलाय," तो म्हणायचा. मग पुन्हा पाइप. पुन्हा पाइप!

आणि मग एका सकाळी चहा पिताना मामा म्हणाला, "काय ओढते गं तुझी जीप आता! मागच्या आठवड्यात त्याच्या शेजारी बसून चक्कर मारून आलो."

मी कप तसाच ठेवला आणि तडक गॅरेज गाठलं. जीपवरचं कापड ओढलं, किल्ली फिरवली. नवं इंजिन पहिल्या झटक्यात, गंभीर आवाजात बोललं. तो पाना हातात धरून खांबासारखा उभा.

"पाइप अडकलाय म्हणे! लाज नाही वाटली?"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. पण गाडी दिली की तुम्ही एकट्या वर जाणार... मला सवय झाली होती."

"कसली? रस्त्याची?"

त्याने पाना खाली ठेवला. "तुमची."

"हे मामाला माहीत आहे?"

"त्यांच्याशी... बोललो होतो."

"म्हणजे प्रेम माझ्यावर आणि बातमी मामाला? आत्ताच्या आत्ता मला सांगा. पूर्ण वाक्यात!"

त्याने हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"मला तुम्ही आवडता. ते ओलं शिंगरू मांडीवर घेऊन बसला होतात ना... तेव्हापासून. तुम्हाला नको असेल तर गाडी घेऊन जा. मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी गाडी घेतली. त्याच्याकडे न बघता शेडच्या दारापर्यंत नेली. आणि ब्रेक दाबला.

"बस लवकर!" मी ओरडले. "वर तीन गायी खोळंबल्यात. आणि तुझ्यावरचा राग अजून निम्मासुद्धा काढून झालेला नाही."

तो धावतच आला. पायथ्यापासून मी त्याला झापायला सुरुवात केली. पाइपवरून, खोटेपणावरून, त्या खळीवरूनसुद्धा. जीप धापा न टाकता चढत होती. शेवटच्या वळणावर गिअरवरच्या माझ्या हातावर त्याने हळूच आपला हात ठेवला...

मी बोलणं थांबवलं नाही. हातही काढला नाही.